चित्र पाकिटावर, गिऱ्हाईक सुट्याचं

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर, टिकुजिनी वाडीकडे वळताना लागतो तो. दुसरा डोंबिवली पूर्वेचा. स्टेशनकडून निघालेला मानपाडा रस्ता चार रस्ता ओलांडून पुढे कल्याण-शीळ मार्गाला मिळतो, तिथला. एकीकडे रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिले, दुसरीकडे एमआयडीसीच्या पलीकडे टोलेजंग गृहसंकुलं आली. पानटपरी मात्र दोन्हीकडे होती तशीच आहे.

तिथला व्यवहार अर्ध्या मिनिटात उरकतो. गिऱ्हाईक शेअर रिक्षातून उतरतं, नोट पुढे करतं, ‘एक छोटी’ म्हणतं. टपरीवाला उघड्या पाकिटातून चिमटीने एक सिगारेट उचलून देतो. टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर असतो, त्यावर ती पेटते. पाकीट जागचं हलत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागात बसवलेलं कर्करोगाचं चित्र, त्याखालचा इशारा आणि व्यसन सोडायला मदत करणारा फोन क्रमांक, हे सगळं दिवसभर टपरीवाल्याच्या डोळ्यांसमोर राहतं. ज्याच्यासाठी ते छापलं, त्याच्या बोटांत फक्त पांढरी कांडी येते.

तंबाखूच्या वेष्टनावर इशारा छापायचा कायदा भारतात होऊन ५० वर्षं झाली. अक्षरं आली, चित्रं आली, चित्रांचा आकार दुपटीहून वाढला. प्रत्येक पायरीवर कंपन्यांनी विरोध केला, खटले लढवले, मुदती मागून घेतल्या. त्या लढाया बऱ्याच अंशी जिंकल्या गेल्या आणि त्याचं फळही मिळालं. पण या साऱ्या काळात कायदा पाकिटाकडे पाहत राहिला आणि शहरातला सिगारेट ओढणारा मोठ्या संख्येने सुट्याचंच गिऱ्हाईक राहिला.

सुरुवात १९७५ सालची. त्या वर्षी संसदेने सिगारेटपुरता कायदा केला आणि १९७६ पासून पाकिटावर आणि जाहिरातीत ‘वैधानिक इशारा: सिगारेट ओढणे आरोग्यास अपायकारक आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ सक्तीची झाली. ओळ पाकिटाच्या कडेला, बारीक टायपात बसे. बिडी या कायद्यात नव्हती, खायचा तंबाखूही नव्हता. देशातला मोठा तंबाखूग्राहक बिडी ओढणारा किंवा मळून खाणारा. त्याच्यापर्यंत ती ओळ पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याच्या हातात पाकीट येई, त्याने ती कधी वाचली असेल तर पहिल्या एक-दोनदा. पुढे ती पाकिटाच्या नक्षीतच जिरून गेली. क्रिकेटचे सामने सिगारेटच्या नावाने भरत होते, सिनेमागृहात पडद्यावर जाहिराती झळकत होत्या आणि त्या सगळ्यांत ती एक ओळ निमूटपणे सोबतीला होती.

पुढची २५ वर्षं चित्र फारसं पालटलं नाही. मग मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, सार्वजनिक वाहनं अशा ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालण्याचा आदेश दिला. जे ओढत नाहीत त्यांनी दुसऱ्याचा धूर का सोसावा, हा त्या याचिकेचा गाभा होता. दोन वर्षांनी, २००३ साली, सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होणारा कायदा आला. सरकारी दप्तरात त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्यातलं कलम ४ सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचं, कलम ५ जाहिरातींचं, कलम ६ अल्पवयीनांना आणि शाळा-महाविद्यालयांच्या १०० यार्डांत विक्री न करण्याचं, कलम ७ वेष्टनावरच्या इशाऱ्याचं. शाळांच्या फाटकाशेजारी लागलेल्या ‘१०० यार्ड’ पाट्या याच कायद्यातून आल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. मोठे, ठळक, बदलते इशारे छापण्याचं बंधन त्या करारातही आहे, आणि सुट्या किंवा लहान पाकिटांतल्या विक्रीला आळा घालण्याचंही. पहिल्या बंधनावर पुढची २० वर्षं रणं माजली. दुसरं मागे पडलं.

चित्र छापायचं ठरलं २००६ मध्ये. पहिल्या नियमांत कवटी आणि दोन हाडांचं चिन्ह होतं. बिडी उद्योगातून मोठा ओरडा झाला, चिन्ह गळलं, मुदती पुढे सरकत गेल्या. अखेर ३१ मे २००९ रोजी, तंबाखूविरोधी दिनाच्या मुहूर्तावर, चित्रं पाकिटांवर आली. तीही पाकिटाच्या फक्त पुढच्या बाजूला, ४० टक्के जागेत. सिगारेट-बिडीवर छातीचा एक्स-रे किंवा रोगट फुप्फुसं. खायच्या तंबाखूवर विंचू. एक्स-रे पाहून घाबरायला आधी तो वाचता यायला हवा. आणि तंबाखूच्या पुडीवरचा विंचू म्हणजे कर्करोग, हे कुणी समजावून सांगितल्याशिवाय कळणं अवघडच होतं. तंबाखूच्या पुड्यांवर प्राण्यापक्ष्यांची व्यापारचिन्हं लोकांनी आयुष्यभर पाहिलेली. डिसेंबर २०११ मध्ये नवी चित्रं आली. त्यांपैकी फुप्फुसांच्या चित्रामागचा पुसट चेहरा इंग्लंडचा फुटबॉलपटू जॉन टेरी याच्याशी इतका मिळताजुळता निघाला की ती बातमी जगभर गेली. टेरीचा त्या चित्राशी काहीही संबंध नव्हता. एवढ्या महत्त्वाच्या कामाकडे किती हलगर्जीपणे पाहिलं जात होतं, हे त्या प्रकाराने दाखवलं.

याच सुमारास खऱ्या माणसाचा चेहरा लोकांसमोर आला, तो पाकिटावर नाही तर पडद्यावर. भुसावळचा मुकेश हराणे गुटखा खायचा. तोंडाच्या कर्करोगाने २००९ मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, मुंबईच्या टाटा रुग्णालयात तो गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांतलं चित्रण पुढे सिनेमागृहांत चित्रपटाआधी दाखवलं जाऊ लागलं. ठाणे-डोंबिवलीत वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला त्याचा आवाज पाठ आहे. पाकिटावरच्या निनावी फुप्फुसांना जे जमलं नाही, ते या एका मुलाने केलं: हा आपल्यातलाच कुणीतरी आहे, असं बघणाऱ्याला वाटलं.

महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त. त्यामुळे वेष्टनाच्या कायद्याची खरी झटापट इथे सिगारेटच्या आधी गुटख्याच्या पुडीशी झाली. राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये गोदावत पान मसाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. डिसेंबर २०१० मध्ये त्याच न्यायालयाने वेगळ्या बाजूने हात घातला आणि गुटखा, तंबाखू, पान मसाला प्लॅस्टिकच्या पुड्यांतून विकायला मनाई केली. मार्च २०११ पासून ती अमलात आली. कारण गटारं तुंबवणाऱ्या प्लॅस्टिकचं होतं, पण पुडी हाच गुटख्याचा प्राण होता. स्वस्त, खिशात मावणारी, कुठेही टांगता येणारी, दातांनी फाडता येणारी. पुडी आली म्हणून गुटखा वाढला. मनाईनंतर कंपन्या कागदी पुड्यांकडे वळल्या आणि माळा पुन्हा टांगल्या गेल्या.

२०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन मिसळायला बंदी घातली. त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा आणि पान मसाला दोन्हींवर बंदी आणली. महेश झगडे तेव्हा अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते आणि कारवाईला जोर होता. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा यांनाही बंदीत ओढलं गेलं. इतर राज्यांत कंपन्यांनी वाट काढली ती जोडपुडीची: एका पुडीत तंबाखू नसलेला पान मसाला, दुसऱ्या पुडीत नुसता तंबाखू. दोन्ही शेजारी शेजारी टांगायच्या, गिऱ्हाईकाने तोंडात एकत्र करायच्या. गुटखा कायद्याच्या कागदावरून नाहीसा झाला आणि गिऱ्हाईकाच्या तळहातावर तयार होऊ लागला. महाराष्ट्रात पान मसालाही बंद असल्याने ही वाट उघडपणे मोकळी नव्हती. पण शेजारच्या राज्यांत जे राजरोस मिळतं ते इकडे येतं, आणि माळा टपरीच्या दर्शनी भागातून आतल्या पिशवीत जातात. माल ओळखीच्या गिऱ्हाईकालाच निघतो. खरेदीची सवय संपली नाही. ती लपली, थोडी महागली आणि अनोळखी पोराला पूर्वीइतकी सोपी राहिली नाही.

सिगारेटच्या पाकिटावरची मोठी लढाई झाली ती २०१४ ते २०१८ या काळात. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की १ एप्रिल २०१५ पासून इशारा पाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर असेल. मधल्या काळात, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, आर. आर. पाटील गेले. तासगावच्या आबांना तंबाखूची सवय होती आणि तोंडाच्या कर्करोगाने ते गेले, हे सारा महाराष्ट्र जाणत होता. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि आपल्या गुटख्याच्या सवयीबद्दल ते जाहीर सभांमधून बोलत आले. राज्याच्या पहिल्या फळीतल्या दोन नेत्यांच्या आयुष्यात तंबाखूने काय केलं, ते लोकांसमोर होतं.

तरीही नियम अडला, आणि तो अडवणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचेच होते. अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी मार्च २०१५ च्या अखेरीस म्हटलं की तंबाखूने कर्करोग होतो असे अभ्यास परदेशांतले आहेत, भारतीय अभ्यास झालेला नाही. बिडी व्यवसायातले बडे व्यापारी असलेले अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता त्याच समितीत होते. भारतात तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगाच्या संबंधावर कितीतरी वर्षं संशोधन होत आलं होतं, आणि त्यातलं बरंचसं मुंबईतच. मध्य प्रदेशातली सुनीता तोमर ही २८ वर्षांची तरुणी सरकारच्याच तंबाखूविरोधी जाहिरातीचा चेहरा होती. तंबाखू खाऊन तिला तोंडाचा कर्करोग झाला होता, उपचार टाटा रुग्णालयात सुरू होते. दिलीप गांधींच्या विधानाने व्यथित होऊन तिने पंतप्रधानांना पत्र लिहिलं. १ एप्रिल २०१५ रोजी, ज्या दिवशी मोठी चित्रं पाकिटांवर यायची होती त्याच दिवशी, ती गेली. चित्रं आली नाहीत. मंत्रालयाने नियम पुढे ढकलला होता.

वर्षभराने, मार्च २०१६ मध्ये, समितीने ८५ टक्के फार कठोर आहे, ५० टक्के करा, अशी शिफारस केली. पण तोवर राजस्थान उच्च न्यायालयाने सरकारला तारीख पाळायला लावली होती. १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला. मोठ्या सिगारेट कंपन्यांनी काही दिवस कारखाने बंद ठेवले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती द्यायला नकार दिला आणि देशभरचे खटले कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपवले. त्या न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी नियम रद्द केले, तेव्हा पुन्हा सगळं पाण्यात जाणार असं वाटलं. ८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालालाच स्थगिती दिली. चित्र टिकलं. कॅनेडियन कॅन्सर सोसायटीच्या २०१६ च्या अहवालात इशाऱ्याच्या आकारात भारत एकदम १३६व्या क्रमांकावरून तिसऱ्या क्रमांकावर आला. पुढे राहिले ते ९० टक्के जागा देणारे नेपाळ आणि वनुआतू.

चित्रांनी काम केलं का? केलं, आणि हे आकड्यांनी सांगता येतं. सज्ञान नागरिकांच्या तंबाखूवापराची देशव्यापी पाहणी २००९-१० आणि २०१६-१७ अशी दोनदा झाली. पाकिटावरचा इशारा पाहून सोडण्याचा विचार आला, असं सांगणाऱ्या सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण ३८ टक्क्यांवरून ६१.९ टक्क्यांवर गेलं. बिडी ओढणाऱ्यांत ते २९.३ वरून ५३.८ झालं, तंबाखू खाणाऱ्यांत ३३.८ वरून ४६.२. दुसरी पाहणी मोठी चित्रं आल्यावर काही महिन्यांतच झाली होती. याच काळात महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आलं आणि ओढणाऱ्यांचं ६.६ वरून ३.८ वर. ही सगळी घट एकट्या चित्राची नव्हे. कर वाढले होते, सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर नियम आले होते, घराघरांत मुलं बापाला टोकू लागली होती. पण चित्र कुणी पाहतच नाही, त्याचा कुणावर परिणामच होत नाही, हा कंपन्यांचा दावा या पाहणीने खोटा पाडला.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. त्याची चर्चा फारशी झाली नाही. देशातले ६८ टक्के सिगारेट ओढणारे सिगारेट सुटी विकत घेतात. बिडीत हे प्रमाण १७ टक्के, खायच्या तंबाखूत ५० टक्के.

म्हणजे ज्या सिगारेटच्या पाकिटासाठी दिल्लीपासून बंगळूरपर्यंत वकिलांच्या फौजा लढल्या, ते पाकीट तीनांपैकी दोन गिऱ्हाइकं घेतच नव्हती. बिडीचं उलटं आहे. बिडी बंडलात विकली जाते, तिचा कट्टा खिशात दिवसभर राहतो, म्हणून बिडीवाल्याला इशारा दिसण्याची शक्यता जास्त. पण बंडलाचा कागद पातळ, निमुळत्या आकारावर गुंडाळलेला. चित्राच्या सुरकुत्या पडतात आणि रंग फिसकटतात. कंपनीचं नाव मात्र गिऱ्हाईक दुरून ओळखतं. या नावाची ताकद महाराष्ट्राने २०२० मध्ये पाहिली. संभाजी बिडी या नावाविरुद्ध आंदोलन झालं आणि पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीने ते बदलायचं जाहीर केलं. पुढे साबळे बिडी आली. वेष्टनावरचं एक नाव बदलायला एवढी वर्षं आणि एवढा रेटा लागला. गिऱ्हाईक बांधून ठेवणारी गोष्ट वेष्टनावरच असते, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

सुटी सिगारेट घेण्यामागची कारणं साधी आहेत. दहाच्या पाकिटाला एकदम मोठी रक्कम मोजावी लागते, एका सिगारेटीला खिशातली सुटी नोट पुरते. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला गाडीत आणि फलाटावर ओढता येत नाही, कचेरीत ओढता येत नाही, घरी पाकीट सापडलं तर बायको-मुलं बोलतात. त्याला हवी असते गाडीआधीची एक आणि उतरल्यावरची एक. अनेक जण तर कमी करायचं म्हणूनच सुटी घेतात. पाकीट जवळ असलं की हात वळतो, असं ते सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण सोडण्याच्या वाटेवर असलेल्या याच माणसाला चित्राचा आणि फोन क्रमांकाचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता.

दुसरं गिऱ्हाईक आहे सोळा-सतरा वर्षांचं. क्लासला जाताना मित्रांच्या घोळक्यात पहिली सिगारेट ओढणारा मुलगा पाकीट घेत नाही. पाकीट घ्यायला पैसे लागतात आणि ते ठेवायला जागा लागते. त्याच्याकडे दोन्ही नाही. एक घेतली, तिघांत फिरवली, वर पुदिन्याची गोळी चघळली, झालं. कायद्याने त्याला सिगारेट विकणं गुन्हा आहे. बालन्याय कायद्यात तर अल्पवयीनाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तरीही त्याच्या हातात सिगारेट येते, कारण ती एकेक मिळते.

टपरीवाल्याचं गणितही समजून घ्यायला हवं. पाकिटावर छापील किंमत असते, सुट्या सिगारेटीवर काहीच छापलेलं नसतं. पाकीट विकलं तर नफा ठरलेला. तेच पाकीट फोडून एकेक विकलं, तर प्रत्येक सिगारेटीमागे रुपया-दोन रुपये वरचे घेता येतात. शिवाय गिऱ्हाईक दिवसातून चारदा येतं, सोबत चहा, बिस्कीट, चॉकलेट घेतं. करांची रचनाही लहान खरेदीला पोषक ठरली. सिगारेटीवरचा कर लांबीनुसार बसतो. ६५ मिलिमीटरच्या आतल्यांना तो कमी. त्या पायरीत बसणाऱ्या ६४ मिलिमीटरच्या सिगारेटी कंपन्यांनी आणल्या. दर वाढला की गिऱ्हाईक ‘मोठी’वरून ‘छोटी’वर येतं, पण टपरीवर येणं थांबत नाही.

हे भोक बुजवायचा प्रयत्न महाराष्ट्राने केला. २४ सप्टेंबर २०२० रोजी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सुट्या सिगारेटी आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदीची अधिसूचना काढली. कारण अगदी नेमकं होतं: कायद्याने सक्तीचा केलेला इशारा सुट्या सिगारेटीवर नसतो, तेव्हा ती विकणं म्हणजे इशाऱ्याशिवायचा माल विकणं. टाळेबंदीत टपऱ्या बंद होत्या आणि काळ्या बाजारात सिगारेट अव्वाच्या सव्वा दराने विकली जात होती. करोनाचा विषाणू फुप्फुसांवर जातो, हे प्रत्येकाला ठाऊक झालं होतं. असा आदेश काढायला याहून योग्य वेळ मिळाली नसती.

आदेश निघाला, टपऱ्या उघडल्या आणि फोडलेलं पाकीट पुन्हा गल्ल्याशेजारी आलं. राज्यातल्या कुठल्याही नाक्यावर आज उभं राहिलं की हे दिसतं. दोन्ही मानपाडे त्याला अपवाद नाहीत. कायद्याखाली झडती आणि जप्तीचे अधिकार पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना, तसंच अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना आहेत. इशारा नसलेला माल विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत रस्त्याचे अपघात, घरफोड्या, वाहतूक आणि वाढत्या वस्तीचे तंटे रोज येऊन पडतात, तिथे एका सिगारेटीच्या विक्रीसाठी पंचनामा कोण करणार? गुटख्याचा ट्रक पकडला तर बातमी होते, मुद्देमाल मोजता येतो. एक सिगारेट पेटली की पुरावा दहा मिनिटांत राख होतो.

मधल्या काळात आणखी एक पाकीट टपरीत आलं, ज्यावर इशाऱ्याचं चित्रच नाही. न्हावाशेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने चोरट्या परदेशी सिगारेटींचे साठे अनेकदा पकडले आहेत. त्यांत लवंगेच्या वासाच्या, पुदिन्याच्या, बारीक नळीच्या सिगारेटी असतात. त्यांचा वास तरुणांना खेचतो आणि गुळगुळीत, चित्राशिवायचं पाकीट अंगावर येत नाही. मोठी चित्रं लावल्यामुळे चोरटा माल वाढतो, असा युक्तिवाद सिगारेट उद्योग वारंवार करतो. चित्र लहान केल्याने बंदरातली तस्करी थांबणार नाही. ज्या टपरीवर परदेशी पाकीट उघड ठेवता येतं, तिथे तपासणीच होत नाही, एवढंच त्यातून दिसतं.

पाकिटाची सर्वांत उपयोगी सुधारणा १ सप्टेंबर २०१८ रोजी आली. चित्राखाली ‘आजच सोडा, फोन करा’ या आशयाची ओळ आणि १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक छापला जाऊ लागला. ही सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती रोग संस्थेत सुरू झाली होती. क्रमांक पाकिटावर येताना मुंबईचं टाटा रुग्णालय, बंगळूरची निम्हान्स आणि गुवाहाटीची कर्करोग संस्था अशी केंद्रं तिला जोडली गेली. फोनचा ओघ इतका वाढला की एका केंद्राला पेलला नसता. नुसती भीती दाखवणारं पाकीट या क्रमांकामुळे मदतीचा हात पुढे करू लागलं. व्यसन सोडू पाहणाऱ्याला पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, झोप उडते, तल्लफ येते. त्या वेळी बोलायला कुणी असणं मोलाचं आहे. सुटी सिगारेट घेणाऱ्यापर्यंत मात्र हा क्रमांक पोहोचतच नाही.

जगात वेष्टनाचे कायदे जिथे यशस्वी झाले, तिथे त्यांच्या जोडीला आणखी एक कायदा होता. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून पाकिटावरून कंपनीचे रंग आणि बोधचिन्हं काढून टाकली, सगळी पाकिटं एकाच मळकट हिरवट-तपकिरी रंगात आणली. चित्र बघून गिऱ्हाईक दुसरं पाकीट मागतं, असे अनुभव तिथल्या दुकानदारांनी सांगितले. पण तिथे सिगारेट सुटी मिळतच नाही. किमान २० चं पाकीट घ्यावं लागतं. युरोपीय संघातही किमान २० चा नियम आहे. तिथल्या मुलाला पहिली सिगारेट विकत घ्यायची तर अख्ख्या पाकिटाचे पैसे आणि अख्ख्या पाकिटावरचं चित्र, दोन्हींना सामोरं जावं लागतं. भारताच्या कायद्यात किमान किती सिगारेटींचं पाकीट असावं, याचा उल्लेखच नाही.

कॅनडाने त्याही पुढचं पाऊल टाकलं. २००१ मध्ये पाकिटावर मोठी चित्रं आणणारा हा पहिला देश. १ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार तिथे प्रत्येक सिगारेटीवर, फिल्टरजवळच्या कागदावर, इशारा छापणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. प्रत्येक झुरक्यात विष आहे, अशा आशयाची वाक्यं ओढणाऱ्याच्या ओठांपाशी येतात. ऑस्ट्रेलियाने २०२५ पासून तोच मार्ग धरला. ज्या देशांत सुटी विक्री जवळपास नाही, त्यांनी कांडीवर इशारा छापला. जिथे तीनांत दोघे सुटी घेतात, तिथे तो अजून पाकिटावरच आहे.

केंद्राने कोटपात दुरुस्तीचा मसुदा २०२१ च्या सुरुवातीला लोकांसमोर ठेवला होता. सुट्या विक्रीला देशभर बंदी आणि खरेदीचं वय १८ वरून २१ करणं, या त्यातल्या मुख्य गोष्टी. बिडी कामगार, तंबाखू शेतकरी आणि टपरीवाल्यांच्या पोटाचा प्रश्न पुढे आला आणि मसुदा रखडला. पोटाचा प्रश्न खरा आहे. सिन्नर, सोलापूरच्या घराघरांत बायका बिड्या वळतात. मानपाड्याच्या टपरीवर एखादं कुटुंब चालतं. त्यांना पर्याय देणं सरकारचं काम आहे, आणि ते न करता नुसती बंदी घातली की आदेश कागदावर राहतो, हे २०२० ने दाखवलं.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना एक व्यवहार्य सूचना केली होती: तंबाखू विकणाऱ्याला महापालिकेचा परवाना घ्यायला लावा आणि परवाना घेणाऱ्याने बिस्कीट, चॉकलेट, शीतपेयं विकू नयेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका हे करू शकतात. परवाना असला की सुट्या विक्रीसाठी पोलिसाने पंचनामा करायची गरज उरत नाही. प्रभागातला निरीक्षक फोडलेलं पाकीट पाहून परवाना निलंबित करू शकतो, आणि शाळेच्या १०० यार्डांत परवाना मुळात द्यायचाच नाही. ज्याला टपरी चहा-बिस्किटांवर चालवायची आहे, त्याला तंबाखू सोडण्याचं कारण मिळतं. राज्याने २०२० च्या अधिसूचनेला या परवान्याची जोड द्यावी, आणि केंद्राने रखडलेल्या दुरुस्तीत किमान २० चं पाकीट आणि सिगारेटीवरचा इशारा ही दोन कलमं घालावीत.